चाकाचं ॲसिड: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

आजपासून ही वही. काम ठरलं आहे: आपल्या डिटेलिंगच्या, म्हणजे गाड्या कसून धुऊन चकचकीत करायच्या, कार्यशाळेत जेवढे ॲसिडचे क्लीनर आहेत, त्या प्रत्येकात नेमकं काय आहे ते शोधायचं, आणि ज्याच्यावाचून भागतं ते इथून बाहेर काढायचं.

कारण कालचं आहे. नवा मुलगा चाकाचा क्लीनर मोठ्या कॅनमधून फवाऱ्याच्या बाटलीत ओतत होता. हातात मोजे नाहीत. मी ओरडले तर म्हणाला, "ताई, हे चावत नाही. फरशीचं ॲसिड चावतं, हे नाही." त्याची चूक नव्हती. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं, आणि ते का घातक आहे हे मलाही तिथल्या तिथे सांगता आलं नाही. ती गोष्ट मनातून जाईना.

फळीवरची मोजदाद: चाकाचा क्लीनर, २० लिटरचा कॅन, लेबल ओघळांनी अर्धं पुसलेलं. पाण्याचे डाग काढायचं जेल. गंज काढायचं द्रावण. फरशीचं ॲसिड, जे फरशीसाठी आलं आणि नंतर एकदा चाकावर वापरलं गेलं. आयर्न रिमूव्हर, म्हणजे चाकात रुतलेले लोखंडाचे कण काढायचं द्रावण. इंजिनचं तेलकट काढायचा अल्कलाइन डिग्रीझर. सीटवरची बुरशी काढायला ब्लीच. याशिवाय नाव नसलेल्या दोन बाटल्या, त्यातली एक चक्क प्यायच्या पाण्याची. ती बाटली आजच बाद केली. बाकी काही नाही केलं तरी एवढं आज व्हायलाच हवं होतं.

५ फेब्रुवारी

आम्लपणा मोजायच्या पीएच पट्ट्या आणल्या आणि सगळ्यांचं माप घेतलं; आकडा जितका कमी तितका आम्लपणा जास्त, ७ म्हणजे मधलं. सगळे गोळा झाले होते.

फरशीचं ॲसिड: पट्टी लालभडक, १ च्या आसपास किंवा खाली. गंजाचं द्रावण: १ ते २. पाण्याच्या डागांचं जेल: २. चाकाचा क्लीनर, वापरायच्या प्रमाणात पातळ केलेला: ४. आयर्न रिमूव्हर: जवळपास ७.

आमच्यातल्या जुन्या काकांनी पट्ट्या ओळीने लावल्या आणि म्हणाले, "म्हणजे ॲसिडांत चाकाचं तर सगळ्यांत सौम्य निघालं की." हिशेबाने त्यांचं खरं होतं. पीएचची एकेक पायरी दहापटीची, म्हणजे ४ आणि २ यांत शंभरपटीचं अंतर. मी फळ्यावर याच क्रमाने यादी लिहिली: सर्वांत धोकादायक वर, सर्वांत सौम्य खाली. चाकाचा क्लीनर खालून दुसरा.

६ फेब्रुवारी

विक्रेत्याकडून एसडीएस आलं, म्हणजे सुरक्षा माहितीपत्रक. याचे १६ विभाग असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. म्हणून कुठलंही पत्रक हातात आलं तरी आधी तिसरा विभाग उघडायचा: घटक. चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात हातमोजे-गॉगल, नवव्यात पीएच, दहाव्यात कशाशी मिसळू नये.

तिसऱ्या विभागात लिहिलंय: अमोनियम बायफ्लोराइड.

फळा पुसला.

९ फेब्रुवारी

तीन दिवस वाचत होते. आज सगळ्यांना बसवून सांगितलं. जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण उद्या आणखी कोणी नवा येईल.

अमोनियम बायफ्लोराइड हे क्षार आहे, पण पाण्यात विरघळलं की त्यातून हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं. रसायनशास्त्राच्या पुस्तकात हे 'दुर्बळ' ॲसिड म्हणून दिलेलं असतं. किती दुर्बळ? ॲसिडची ताकद पीकेए या आकड्याने मोजतात. हायड्रोफ्लोरिकचा पीकेए ३.१७, सायट्रिक ॲसिडचा पहिला पीकेए ३.१३. म्हणजे निव्वळ ताकदीच्या मापाने ते लिंबातल्या ॲसिडच्या बरोबरीचं. पट्टी खोटं बोलली नव्हती. आम्ही तिला चुकीचा प्रश्न विचारला होता.

दुर्बळ ॲसिड म्हणजे ज्याचे रेणू पाण्यात सहजी फुटत नाहीत. फरशीचं हायड्रोक्लोरिक फुटतं, त्याचे आयन कातडीच्या वरच्या थरातच हल्ला करतात. लगेच झोंबतं, माणूस हात झटकून नळाकडे धावतो. हायड्रोफ्लोरिकचे न फुटलेले रेणू अख्खेच्या अख्खे कातडीतून आत उतरतात, वर फारशी खूणही न ठेवता. आत गेल्यावर फुटतात आणि फ्लोराइड मोकळा होतो. हा फ्लोराइड कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला घट्ट धरतो. पेशींमधलं कॅल्शियम अडकतं, पोटॅशियम बाहेर झिरपतं, नसा पेटतात. वेदना इतकी होते की बाहेरून दिसणाऱ्या जखमेशी तिचा काही मेळच बसत नाही. फ्लोराइड हाडापर्यंत पोचू शकतो. फ्लोराइड पुरेसा आत गेला तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. माणूस दगावतो तो यामुळे.

'चावत नाही' याचं उत्तरही यातच आहे. ५० टक्क्यांहून तीव्र हायड्रोफ्लोरिक लगेच जाणवतं. २० ते ५० टक्के असेल तर एक ते आठ तासांनी. २० टक्क्यांच्या खाली असेल तर दुखायला २४ तासही लागू शकतात. गाड्यांचे क्लीनर या शेवटच्या गटातले. म्हणजे आपण जेवढं पातळ करतो तेवढा इशारा उशिरा मिळतो, आणि तोवर माणूस घरी जाऊन झोपलेला असतो.

नवा मुलगा गप्प होता. मग विचारलं, "ताई, परवा माझ्या हाताला लागलं असेल तर?" सात दिवस उलटून गेले होते, बोटं नीट पाहिली, काही नव्हतं. पण त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

१० फेब्रुवारी

काल बैठक संपल्यावर काका थांबले होते. उजव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं. नख वाकडं, जाड. इतकी वर्षं बरोबर काम करतोय, मी कधी विचारलं नव्हतं.

त्यांच्या तोंडून ऐकलं तसं लिहिते. आधीच्या एका कार्यशाळेत होते. दिवसभर चाकं धुतली. हातमोज्याचं टोक फाटलेलं, कळलं नाही. संध्याकाळी काही नाही. रात्री दोनच्या सुमाराला जाग आली ती बोटावर कोणी हातोडी मारतंय अशी. नखाखाली करडं दिसत होतं, बाकी काही नाही. बर्फ लावला, पाण्यात धरलं. सकाळी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं कशाने झालं, हे म्हणाले, "गाडी धुवायच्या साबणाने." कारण तिथे सगळे त्याला साबणच म्हणायचे, बाटलीवर नाव नव्हतं. साध्या भाजण्याचं मलम मिळालं. नख गेलं, महिनाभर ते बोट वापरता आलं नाही.

"मला नाव माहीत असतं तर सांगितलं असतं ना," काका म्हणाले.

या वहीतली सगळ्यांत महत्त्वाची ओळ मला तीच वाटते.

काका एकटे नाहीत. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात गाड्या आणि ट्रक धुण्याच्या कामात हायड्रोफ्लोरिकने भाजल्याच्या घटना शोधून मोजल्या गेल्या: २००१ ते २०१३ या काळात ४८ कामगार. त्यातले ७ रुग्णालयात दाखल झाले, दोघांवर शस्त्रक्रिया करावी लागली. तिथेच ट्रक धुणाऱ्या एका कामगाराचा असा क्लीनर पोटात गेल्याने मृत्यूही झाला. पाण्याची बाटली मी का बाद केली ते आज सगळ्यांना कळलं.

११ फेब्रुवारी

चाकाचा कॅन बंद. झाकण आवळलं, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये जमिनीवर ठेवला, वर 'वापरू नये' आणि घटकाचं नाव मोठ्या अक्षरात. आजपासून तो कोणी उघडायचा नाही. काढून टाकायचं काय ते नंतर.

१३ फेब्रुवारी

कॅन बंद झाला तरी तो इथे आहे तोवर प्रथमोपचार तयार हवा. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, २.५ टक्क्यांचं, आज मिळालं. यातलं कॅल्शियम फ्लोराइडला शरीरातल्या कॅल्शियमच्या आधी गाठतं. डॉक्टरांशी बोलून भिंतीवर लावायचा कागद लिहिला:

हायड्रोफ्लोरिक किंवा बायफ्लोराइड अंगाला लागलं, किंवा लागलं असा नुसता संशय आला, तरी दुखायची वाट पाहू नका. भिजलेले कपडे, घड्याळ, अंगठी काढा. वाहत्या पाण्याखाली धरा. जेल हाताशी असेल तर पाच मिनिटं धुऊन लगेच जेल लावा, नसेल तर पंधरा मिनिटं धूत राहा. जेल लावणाऱ्याने स्वतः हातमोजे घालायचे. जेल चोळत राहायचं, पुन्हा पुन्हा लावायचं. बोटांना लागलं असेल तर हातमोज्यातच जेल भरून हात आत घालायचा. रुग्णालयात जायचंच, आणि जाताना एसडीएसची प्रत सोबत न्यायची. डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगायचं: "यात फ्लोराइड आहे."

जेल फक्त कातडीसाठी. डोळ्यात उडालं तर पाणी आणि थेट रुग्णालय. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही.

यात डॉक्टरांनी एक गोष्ट घालायला लावली, जी मला सुचली नसती. वेदना मारायला बोट बधिर करून घेऊ नका. जेलने वेदना उतरते आहे का, यावरूनच उपचार पुरतोय की नाही ते कळतं. वेदनाच बंद केली तर मोजायचं साधन जातं.

खाण्याचा सोडा लावायचा विचार दोघांनी बोलून दाखवला. नाही. सोड्याने आम्लपणा जाईल, पण फ्लोराइड तसाच राहील, सोडियम फ्लोराइड होऊन, विरघळलेला आणि विषारी. बांधून ठेवायचं काम कॅल्शियमच करू शकतं. कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून सांडलं तरी चुन्याची पूड किंवा कॅल्शियम कार्बोनेट. वाळू अजिबात नाही. वाळू म्हणजे सिलिका, आणि हायड्रोफ्लोरिक सिलिकाशी भिडतं, त्यातून विषारी वायू निघू शकतो. सांडलेल्यावर वाळू टाकायची आपली सवय सगळ्यांनाच आहे, म्हणून चुन्याची बादली कॅनच्या शेजारीच ठेवली.

१६ फेब्रुवारी

डोळे धुण्याची तालीम घेतली. नियम असा मानतात की डोळे धुण्याची जागा धोक्याच्या ठिकाणापासून दहा सेकंदांच्या चालीत असावी आणि पाणी सलग १५ मिनिटं मिळावं, फार गारही नाही आणि गरमही नाही.

पॉलिशवाल्या सहकाऱ्याला डोळे मिटून चाकापाशी बसवलं आणि सांगितलं, नळ गाठ. पाइपात पाय अडकला, जॅकला धडकला, ३४ सेकंद लागले. नळ गाठला तर तो इतका खाली की डोकं आत जाईना. आणि पंधरा मिनिटं किती लांब असतात ते घड्याळ लावून उभं राहिल्याशिवाय कळत नाही. चौथ्या मिनिटाला तो म्हणाला, "ताई, बास ना आता?" खरंच काही गेलं असतं तरी माणूस असाच थांबला असता.

नळाच्या जागी दोन्ही डोळ्यांवर एकदम पाणी सोडणारं आयवॉश बसवून घेतोय. जमिनीवर पिवळी पट्टी, तिच्यावर काहीही ठेवायचं नाही.

१८ फेब्रुवारी

पट्टीवर जॅक. उचलला.

२० फेब्रुवारी

आज खरं काम: त्या क्लीनरशिवाय चाक होतं का?

आधी हे समजून घ्यावं लागलं की ते इतकं झटपट काम करायचं कसं. ब्रेक डस्ट म्हणजे नुसती धूळ नव्हे. डिस्क आणि पॅड घासून उडालेले लोखंडाचे तापलेले कण असतात. ते चाकाच्या लॅकरमध्ये, म्हणजे वरच्या पारदर्शक थरात, रुततात आणि तिथेच गंजतात. शाम्पूने वरचं निघतं, रुतलेलं राहतं. फ्लोराइड लोखंड, ॲल्युमिनियम, सिलिकॉन या सगळ्यांना घट्ट पकडून सोडवून आणतो. म्हणून मिनिटभरात चाक पांढरं. जी पकड चाकावर कामाला येते तीच शरीरातल्या कॅल्शियमवर बसते. म्हणून 'जोरदार पण सुरक्षित' असा फ्लोराइडचा क्लीनर होऊ शकतो यावर माझा विश्वास नाही.

आणि चाकालाही ते मानवत नव्हतंच. लॅकर शाबूत असेल तर एक वेळ निभतं. पण कडेला दगड लागून टवका उडाला असेल तर ॲसिड तिथून लॅकरखाली शिरतं आणि उघड्या ॲल्युमिनियमवर पांढरट ढग उठतो. तो पुसून जात नाही. अशी दोन चाकं मला आठवतात. तेव्हा आपण 'आधीपासून होतं' म्हणून सोडून दिलं होतं. आता तसं म्हणवत नाही.

चाचणी पुढच्या डाव्या चाकावर. पुढचे ब्रेक जास्त काम करतात, म्हणून पुढची चाकं जास्त माखतात, तीच खरी परीक्षा. चाक गार, सावलीत. आधी पाण्याचा सपकारा. मग शाम्पू आणि ब्रश. मग आयर्न रिमूव्हर: चार मिनिटांत जांभळे ओघळ, वाळायच्या आत ब्रश फिरवून धुतलं. दुसरा हात, या वेळी जांभळं कमी. डांबराचे ठिपके वेगळ्या रिमूव्हरने. शेवटी क्ले बार, म्हणजे चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ वडी, भरपूर ओलसर ठेवून. एकूण ३८ मिनिटं. आतली कड सोडून चाक स्वच्छ. आतल्या कडेला काळे टिपके राहिले, बोटाला खरखरीत.

जुन्या पद्धतीने दहा मिनिटं लागायची. हा फरक खरा आहे आणि तो लपवायचा नाही. वेळापत्रक बदलावं लागेल.

२१ फेब्रुवारी

आयर्न रिमूव्हरबद्दलही लिहिलं पाहिजे, नाहीतर 'पीएच ७ म्हणजे निर्धास्त' ही जुनीच चूक नव्या बाटलीवर होईल. त्यात थायोग्लायकोलेट असतं, केस कुरळे करायच्या द्रावणात असतं त्याच घराण्यातलं. तो वास तिथलाच. कातडीला त्याची ॲलर्जी होऊ शकते, म्हणून हातमोजे हवेतच. आणि ॲसिडशी ते कधीही मिसळायचं नाही, एकाच चाकावर मागोमागही नाही. त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटू शकतो. तो वायू प्रमाण वाढलं की वास घ्यायची शक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं, आणि तो तिथेच असतो.

फळीची नवी मांडणी यावरूनच केली. ॲसिड एका बाजूला, सगळ्यांत खालच्या कप्प्यात, ट्रेमध्ये, डोळ्यांच्या पातळीच्या खाली. आयर्न रिमूव्हर, डिग्रीझर आणि ब्लीच पलीकडच्या भिंतीला. ब्लीचमध्ये ॲसिड पडलं तर क्लोरीन सुटतो. इतके दिवस या दोन बाटल्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या.

२४ फेब्रुवारी

फरशीचं ॲसिड बाहेर. याला फार विचार लागला नाही. हायड्रोक्लोरिक क्रोमचा मुलामा खातं, ब्रेक डिस्कवर बघता बघता गंज आणतं, आणि झाकण सैल राहिलं तर त्याच्या वाफेनेच आसपासची हत्यारं गंजतात. वरच्या खिळ्याला टांगलेले पाने तांबडे का झाले होते याचा आता उलगडा झाला. मग आपल्या नाकातोंडात काय जात होतं, हा विचार कोणी केला नव्हता. धुळीचा मास्क वायू अडवत नाही, त्याला ॲसिडच्या वायूंचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो.

२६ फेब्रुवारी

काचेवरचे आणि रंगावरचे डाग. पाण्याच्या डागांना लोक सरसकट एकच मानतात. पाणी सुकून मागे राहिलेला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर सायट्रिक किंवा ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळतो, त्यासाठी आपलं जेल पुरेसं आहे. पण डाग वाळत वाळत क्लिअर कोटमध्ये, म्हणजे गाडीच्या रंगावरच्या पारदर्शक थरात, खड्डा पाडून गेला असेल तर तिथे विरघळायला काही उरलेलंच नसतं. तिथे जास्त तीव्र ॲसिड ओतणं म्हणजे खड्डा वाढवणं. क्लिअर कोटची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, त्यातही पॉलिशला वापरता येतो तो थोडाच.

काचेवरचे जुने डाग 'जादूने' काढणारी काही द्रावणं फ्लोराइडचीच असतात. जादू एवढीच की ती डागाखालची काचच विरघळवतात. हायड्रोफ्लोरिक काचेच्या बाटलीत ठेवत नाहीत ते यासाठीच. आपल्याकडेही एकदा चाकावर फवारलेला क्लीनर वाऱ्याने मागच्या छोट्या काचेवर गेला आणि वाळला. पांढरे ओघळ उठले. सेरियम ऑक्साइडने तासन्‌तास घासूनही उन्हात धरलं की दिसायचे. तो वारा काचेऐवजी कोणाच्या तोंडावर आला असता.

२ मार्च

हातमोज्यांचा निर्णय. पेटीतले पातळ नायट्राइल मोजे एका कामापुरते, शिंतोडा उडाला की लगेच बदलायचे असतात. ते घालून तासभर चाकं धुणं म्हणजे काकांचं बोट. ॲसिडच्या कामाला आता मनगटाच्या वरपर्यंत येणारे जाड निओप्रीनचे मोजे. घालण्याआधी फुगवून बघायचे, हवा गेली तर बाद. गॉगल चारी बाजूंनी बंद, नुसता चष्मा नाही. कॅनमधून ओतताना वर चेहऱ्याची ढाल आणि ॲप्रन. पातळ करताना आधी पाणी, मग त्यात ॲसिड.

उरलेली दोन ॲसिड, गंजाच्या द्रावणातलं फॉस्फोरिक आणि जेलमधलं सायट्रिक, ठेवली आहेत. फॉस्फोरिक गंजावर चांगलं काम करतं, गंजाचं लोहफॉस्फेट करतं. झोंबतं, भाजतं, पण इशारा देतं आणि पाण्याने धुऊन जातं. ते फवारायचं नाही, ब्रशवर घेऊन लावायचं. फवारा जितका बारीक तितका तो श्वासात जातो. गाडी रस्त्यावरून नुकतीच आलेली असेल तर चाक हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. तापलेल्या चाकावर पाणी उडून जातं, मागे राहिलेलं ॲसिड तीव्र होतं आणि वाळतं. उघड्या किंवा ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमवर ॲसिडही नाही आणि डिग्रीझरही नाही. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर दोन्ही टोकांना विरघळतो.

एका सहकाऱ्याने ऑक्झॅलिक ॲसिडची भुकटी सुचवली. सध्या नको म्हटलं. तेही कॅल्शियम धरतं, पोटात गेलं तर मूत्रपिंडं बिघडवतं, आणि भुकटी उडते. आयर्न रिमूव्हरने भागत असताना ती हौस नको.

५ मार्च

आतल्या कडेच्या काळ्या टिपक्यांसाठी चाक गाडीवरून उतरवून पुन्हा प्रयत्न. आयर्न रिमूव्हर लावून वर प्लास्टिकचा कागद गुंडाळला, म्हणजे वाळत नाही. दहा मिनिटं. बरेचसे गेले. थोडे राहिले. ते तसेच राहतील, आणि गाडीवाल्यांना आधीच सांगायचं की राहतील. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला धाकधूक होती. त्यांनी विचारलं, "ॲसिडने जातील ना?" मी म्हटलं, जातील, पण आम्ही ते वापरत नाही, आणि का ते सांगितलं. ते काही वेळ माझ्या माणसांकडे बघत राहिले. मग म्हणाले, राहू देत.

९ मार्च

कॅन गेला. घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत लोकांनी मूळ कॅनसकट, एसडीएसची प्रत लावून नेला. चुना टाकून स्वतःच निकाल लावू असं एकाचं म्हणणं होतं. सांडलेल्या कपभरासाठी चुना ठीक, २० लिटरसाठी नाही. आणि गटारात तर थेंबही नाही.

काका कॅन गाडीत चढेपर्यंत दारात उभे होते.

१४ मार्च

नमुना म्हणून एक नवा चाकाचा क्लीनर आला. लेबलवर मोठ्या अक्षरात 'हायड्रोफ्लोरिक ॲसिडमुक्त'. पीएच ५. विक्रेता बाटली उघडून हातावर घेऊन दाखवायला निघाला होता, त्याला थांबवलं.

नव्या मुलाने एसडीएस मागितलं. तिसरा विभाग काढला, बोट ठेवून वाचत गेला आणि थांबला. "ताई, यातही अमोनियम बायफ्लोराइड आहे." लेबल शब्दाला धरून खरं होतं: बाटलीत टाकताना ते क्षार होतं, ॲसिड नव्हे. पाण्यात पडल्यावर काय होतं ते लेबलवर लिहायची जागा उरली नसावी असं विक्रेत्याचं म्हणणं पडलं. तो माणूस वाईट वाटला नाही. त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं. मुलाने त्याला बसवून सगळं समजावलं, जेल दाखवलं, काकांना हात पुढे करायला लावला. विक्रेता जाताना स्वतःच्या हाताकडे बघत होता. त्याला प्रथमोपचाराच्या कागदाची एक प्रत दिली.

बाटली न उघडता परत.

१५ मार्च

जेलच्या नळीवरची मुदत पाहून भिंतीवरच्या कागदावर लिहिली. कॅन गेला तरी जेल ठेवायचं, कारण येणाऱ्या गाडीवर आधी कोणी काय मारलंय ते आपल्याला माहीत नसतं. आयवॉशची तालीम दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, डोळे मिटून. कालची वेळ: ७ सेकंद.